मशीनवाल्यांचं सकाळचं बोट

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली 'मशीनवाले' म्हणायची. रागावली की बायकोसुद्धा. मशीन आलं की ते आधी चाक एकदा फिरवून कान लावत, मगच हत्यार उचलत. चाळीस वर्षांत कान चुकला नव्हता.

पण गिऱ्हाईक आटलं. लोक आता फोनवर शोधत, आणि शोधून देणारी कंपनी एकच. तिथे मशीनवाल्यांचं नाव पार तळाला, वर पैसे भरणाऱ्यांची रांग. शेवटी मुलीने त्यांचीही जाहिरात लावून दिली. रोजची रक्कम ठरलेली. कुणी जाहिरातीवर बोट टेकवलं की त्यातून पैसे कापले जायचे. रक्कम संपली की जाहिरात गायब. ती रोज सकाळी नऊच्या आत संपे आणि गिऱ्हाईक एक नाही!

तेवढ्यात स्पर्धा आयोगाने त्या कंपनीची चौकशी काढली. पैसे कापतात पण गिऱ्हाईक देत नाहीत, अशी मशीनवाल्यांनीही तावातावाने तक्रार केली. साक्षीला बोलावणं आलं.

आदल्या संध्याकाळी मुलगी कंपनीकडून आलेले जाहिरातीच्या हिशोबाचे कागद लावत होती.

"बाबा, रोज सकाळी सात वाजता आपल्याच घरातून जाहिरातीवर वीस टिचक्या? कोण हे?"

"मीच. नाव लागलंय का बघायला नको?"

"वीस वेळा?"

"एकदा बघून समाधान होतं होय?"

"अहो बाबा, प्रत्येक टिचकीला पैसे पडतात! गिऱ्हाईक उठायच्या आत तुम्हीच जाहिरात फस्त करता."

आतून बायको म्हणाली, "लग्नाचा अल्बमही असाच बघून बघून फाडला यांनी."

मशीनवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं तर हसं होणार आणि तक्रारही बुडणार. गप्प बसावं तर शपथेवर खोटं. रात्रभर कूस बदलली.

आयोगासमोर उभे राहिले आणि सांगूनच टाकलं, "मॅडम, निम्म्याहून जास्त टिचक्या माझ्याच."

खोलीत खसखस पिकली. कंपनीचे वकील खुलले. "म्हणजे आमचा दोष नाहीच!"

"थांबा," अध्यक्ष मॅडम म्हणाल्या. "काका, जाहिरात लागली की नाही, हे बघायला तुम्हाला दुसरी जागा होती?"

मशीनवाल्यांनी सवयीने हवेतच चाक फिरवलं, कान लावला.

"नाही, मॅडम. गिऱ्हाईक शोधतं तिथेच, मी दिसतो तिथेच, पैसे कापणारे तेच, आणि किती कापले हे सांगणारेही तेच. माझं बोट चुकलं, कबूल. पण पैसे माझ्याच बोटाचे कापले जातायत, गिऱ्हाइकाच्या नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं."

वकिलांचं हसू मावळलं. मॅडमनी पेन उचललं. "हे जरा सावकाश पुन्हा सांगा."

साक्ष नोंदली गेली. निकाल यायचा तेव्हा येईल. फोन मात्र बायकोने त्याच दिवशी ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी सात वाजता मशीनवाले हात चोळत दुकानाची पाटी पुसत राहिले.

अकरा वाजता फोन वाजला. बायकोने तो पुढे केला, तरी ते नुसते बघतच राहिले.

"उचला की, मशीनवाले!" बायको म्हणाली. "आज बोट तुमचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे."