ट्रकखालचा खण

मलकापुरात माझ्या तोडीचा मिस्त्री नव्हता. समोरच्या दुकानातला हा एक मिस्त्री सोडून. हा टेप कधी लावायचा नाही. वीत टाकायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "बसते, बसते."

टुरिंग टॉकीजवाल्याने लिलावात घेतलेल्या लष्करी ट्रकखाली जनरेटरसाठी सरकता खण मागितला. मी टेप लावून नाही म्हटलं; याने वीत टाकली आणि म्हणाला, "बसते." "बसला त मिशी काढून देईन!" मी भरबाजारात ओरडलो.

आठ दिवसांत याने बसवला. जनरेटरवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवून एका बोटाने खण ओढला. हत्तीएवढं धूड लोण्यासारखं सरकलं. एक थेंब तरी सांडावा म्हणून मी तेहतीस कोटी देवांना साकडं घातलं. सांडला नाही.

कप माझ्याच हातात देत हा म्हणाला, "पी बे. मिशी राहू दे, तुले शोभते."

मिशी अजून आहे. पण आरशात पाहिली की याचीच वाटते.