बिनविरोध

सरुबाईच्या तोंडाला आंबीच्या अलीकडची ती सगळी वाडी टरकून असायची. पण त्या तोंडाला काम पुरवत कोण होतं? वाडीतलेच बाप्ये. तीन म्हशी, तळेगाव स्टेशनावरून लोणावळ्याच्या बंगल्यांना जाणारं दूध आणि भिमाजी नावाचा भला नवरा, एवढा तिचा संसार. म्हशी चरायच्या गावच्या गायरानात. गायरान गेलं की म्हशी गेल्या, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

इंग्रज सरकारनं गावाला पंचायत दिली तेव्हा हात वर करून पंच निवडायचे ठरले. पहिल्या खेपेला उत्साह काय विचारता, म्हाताऱ्यांनीही दोन्ही हात वर केले. सोपानराव सरपंच झाले, आणि माणूस तसा वाईट नव्हता. पण दुसऱ्या खेपेला कुणीतरी टूम काढली: शेजारच्या गावात डोकी फुटली, आपलं गाव शहाणं, आपण बिनविरोध करू. झालं. त्या बिनविरोधचा गावाला असा काही अभिमान चढला, की विरोध म्हणजे गावाच्या तोंडाला काळं फासणं. मग चावडी गळते म्हणून पंचांची बैठक सोपानरावांच्या ओसरीवर गेली. पाऊस संपला, बैठक काही परत आली नाही. बैठकीची दवंडी पिटायची तीही माणसं भातखाचरात वाकलेली असताना. सरुबाई तेवढी विचारायची, "चावडी अजून गळतीया व्हय?" त्यावर भिमाजी म्हणायचा, "तुला काय करायचंय?"

यंदा मात्र गायरानाला काट्यांचं कुंपण पडलं. गवत मुंबईच्या तबेल्यांना विकायचं, असं पंचांनी ओसरीवर परस्पर ठरवलं होतं, आणि मक्ता गेला होता सोपानरावांच्या मेव्हण्याला. सरुबाईची चांदरी म्हैस सवयीनं आत शिरली, ती थेट कोंडवाड्यात गेली, दंड भरून सोडवावी लागली.

आता वाडी पेटली. पण कुठं, तर आपापल्या घरात. भिमाजी भाकरी मोडत म्हणाला, "ह्या बारीला माझा हात इरोधात." अब्दुल पिंजाऱ्याच्या शेळ्या तिथंच चरायच्या, तोही म्हणाला, "माझाबी." कोंडाजीनं तर मिशीला पीळ भरला. सरुबाईनं दारोदार हिंडून एकेकाकडून वदवून घेतलं.

निवडीच्या दिवशी तालुक्याहून कारकून आला. तेव्हा बायकांना मत नव्हतं, म्हणून सरुबाई चावडीच्या पायरीखाली उन्हात उभी. कारकुनानं सोपानरावांचं नाव वाचलं आणि विचारलं, "कुणाचा विरोध?"

कोंडाजी पायातला काटा शोधायला लागला. पेरणीला त्याला सोपानरावांचा बैल लागायचा. अब्दुलनं भिमाजीकडं पाहिलं, हा उचलेल मग मी. भिमाजीनं कोंडाजीकडं पाहिलं. भिमाजीचा हात निघाला खरा, पण फेट्यापाशी पोचला आणि डोकं खाजवायला लागला. घरात वाघ अन् चावडीवर शेळी, दुसरं काय.

"माझा हाय," पायरीखालून सरुबाई म्हणाली. तिचा हात वर होता.

कारकून हसला. "बाईंचा हात मोजत नाहीत."

"नगा मोजू. पर बिनइरोध तेवढं लिवू नगा. मी हितं उभी हाय न्हवं?"

सोपानराव मोठ्या मायेनं म्हणाले, "वैनी, उन्हात नगा उभ्या ऱ्हाऊ." माणसं हसली. भिमाजीही हसला. कारकुनानं लिहिलं ते बिनविरोधच, आणि चावडीवर पेढे वाटले.

संध्याकाळी भिमाजी पाटावर येऊन बसला. पुढ्यात ताट नाही. सरुबाई चुलीपुढून उठेना.

"भाकरी ज्याला पायजे, त्यानं हात वर करावा," ती म्हणाली.

भिमाजीला थट्टा वाटली. त्यानं हात वर केला, चांगला कोपरातून ताठ.

"येतुया की वर. मला वाटलं, खांद्यातनं निखळलाय."

हात खाली आला. भिमाजी म्हणाला, "समद्यांनी केला आसता, तर मीबी केला आसता."

"समदे आज आपापल्या घरी ह्येच सांगत बसले आसतील." सरुबाईला संताप संताप आला होता, पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं. तिनं ताट त्याच्यापुढं सरकवलं. "जेवा. सकाळी चांदरीला तळेगावच्या बाजारात न्यायचीय. गिऱ्हाइकाच्या हातात दावं तुमीच द्या. माझा हात न्हाई उठायचा."