मुद्दाम घातलेली चूक

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. ‘सगळं ओके आहे’ असं कुणी म्हणालं की मला आधी शंका येते. त्यामुळे त्या दुपारी खुटबावच्या घरी लॅपटॉपवर ‘एकही चूक नाही’ असं आलं, तेव्हा मला आनंद झाला नाही. इतका स्वच्छ प्रोग्राम मी कधी लिहीतच नाही.

गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी प्रोग्राम लिहीत होते. मशीननं नमुना तपासला की आकडा थेट कॉम्प्युटरवर येणार, आणि पाणी दिसलं तर दूध परत. माझे सासरे केंद्राचे सचिव. “सूनबाई करतीया, बिनघोर ऱ्हावा,” असा शब्द त्यांनी गावाला देऊन टाकला होता. आमच्याकडे दूध परत गेलं की रिकामा कॅन घरी पोचायच्या आत बातमी पोचते, आणि मग त्या घरच्या चहालाही लोक नाक मुरडतात. माझी चूक झाली असती तर एखादं सरळ घर फुकट बदनाम झालं असतं.

केंद्रासाठी दौंडहून आलेल्या नव्या कॉम्प्युटरवर मी माझ्या प्रोग्रामिंग भाषेची अगदी ताजी आवृत्ती टाकली होती, तीच लॅपटॉपवरही. कोडमधल्या चुका शोधणारं टूल मात्र जुनंच होतं. त्याला ही आवृत्ती कळते तरी का? पुण्यातल्या मित्राला फोन केला.

“अगं, कळत नसतं तर एरर दिली असती ना,” तो म्हणाला. “ग्रीन दिसतंय ना? मग सोड.”

त्याच्या त्या ‘सोड’नं माझा संशय आणखीच वाढला.

आमच्या केंद्रावर दूध तपासायचं नवं मशीन आलं की पहिल्या दिवशी कुणीतरी मुद्दाम पाणी घातलेलं दूध आणतं, तेही सगळ्यांना सांगून. मशीननं ते पकडलं तरच बाकीचे आपापले कॅन उघडतात. मीही तेच केलं. कोडमध्ये आंधळ्यालाही दिसेल अशी ढळढळीत चूक घातली आणि टूल चालवलं. पुन्हा ‘एकही चूक नाही’.

मग मी खोदत बसले. अनोळखी आवृत्ती दिसली की ते टूल फाइल वाचतच नव्हतं, आणि वाचली नाही हेही सांगत नव्हतं. मला भयंकर राग आला. येत नाही म्हणायला कसली लाज? त्याला कळणारी भाषेची जुनी आवृत्ती मी नवीच्या शेजारी बसवली, आणि सेटिंगमध्ये घातलं की आवृत्ती अनोळखी असेल तर गप्प पुढे जायचं नाही, थांबायचं.

आता माझी मुद्दामची चूक सापडली. तिच्याखाली आणखी एक होती, ती मी मुद्दाम घातलेली नव्हती. नमुना दुसऱ्यांदा तपासला तर नवा आकडा यायचा, पण तो कुठेच वापरला जात नव्हता. पहिलाच कायम राहायचा. म्हणजे ‘परत बघा, माझ्या दुधात पाणी न्हाई’ म्हणणारी बाई कितीही खरी असली तरी खोटीच ठरणार होती.

चूक दुरुस्त केली, पण केंद्रावर जुनी आवृत्ती टाकून सगळं पहिल्यापासून तपासायचं होतं. मशीन सुरू व्हायला आणखी काही दिवस लागतील, असं सासऱ्यांनी केंद्रावर सांगितलं. कारण मात्र सांगितलं नाही.

“सचिवाची सून, सचिवाचं मशीन,” एक सभासद म्हणाला. “घरचं दूध पास व्हईल आसं बसवून घ्यायला येळ लागत आसंल.”

लोक हसले. सासऱ्यांनी गाडीची किल्ली उचलली. मला तिथं उभं राहवेना.

गाडीवरून घरी येताना मी म्हणाले, “आबा, सांगून टाकायचं होतं, चूक माझी होती म्हणून. उगीच तुमच्यावर संशय.”

“असू दे की,” ते म्हणाले. “मी रोज तितं बसतो. माणसं रोज माझ्याकडं बघत्यात. आज ना उद्या जाईल त्यो.” थोडं पुढे गेल्यावर त्यांनी गाडी हळू केली. “दूध घालणाऱ्या एकाद्या बाईवर आला आसता, तर तिनं कुणाला सांगायचं हुतं? मशीनला?”