भडकेभाऊंची अडकलेली बातमी

भडकेभाऊ फोनवर बोलायला लागले की रस्त्यावरची माणसं थांबायची. आडनाव वेगळंच होतं त्यांचं, पण अख्ख्या दारव्ह्यात ते फक्त पोस्टमनला माहीत असावं. एका दैनिकाचे ते तालुका वार्ताहर. अंग काडीसारखं, आणि आवाज असा की समोरच्या टपरीवाल्याने रेडिओ बंद करून यांचंच ऐकावं. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यांचा कॉम्प्युटर मीच जोडून दिलेला, त्यामुळे त्यात काहीही बिघडलं की पहिली शिवी मला.

शब्दांवर त्यांची फार बारीक नजर. चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला, त्यात शुद्धलेखनाच्या चुका. भाऊंनी शिडी मागवली आणि भर दुपारी, कार्यकर्त्यांच्या देखत, काळ्या रंगाने त्या दुरुस्त केल्या. पण सर्वात जास्त चीड त्यांना 'दुर्दैवी' या शब्दाची. एका नव्या पोराने लिहिलेल्या बातमीत तो दिसला तेव्हा म्हणाले, "दैव काय पंप घेऊन वावरात गेलतं काय बे? ज्यानं केलं त्याचं नाव लिही."

ही फवारणीच्या पंपाची गोष्ट उगीच निघाली नव्हती. कापसाचे ते वाईट दिवस. बोंडअळीच्या धास्तीने लोक फवारणीवर फवारणी करत होते, आणि दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारायला जाणारी माणसं दवाखान्यात येऊन पडत होती. देवराव हा त्यातलाच एक. त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. झटके येत म्हणून हातपाय पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. भाऊ सकाळपासून त्याच्या बायकोजवळ, सुमनबाईजवळ, बसून होते. ती म्हणाली, "दुकानदारानं फवारायची दोन औषधं एकात कालवून देल्ली. हातमोजे मांगतले तं हासला."

दुसऱ्या दिवशी एक मोठे सरकारी साहेब गावात येणार होते. मजुरांच्या निष्काळजीपणामुळे हे घडतंय, असं ते सांगत फिरत होते. त्याआधी सुमनबाईचं म्हणणं छापून यायला हवं होतं. भाऊ घरी आले, एका बैठकीत बातमी लिहिली, वॉर्डातले फोटो जोडले. आणि पाठवायला गेले तर कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडद्यावर सूचना : अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

मला फोन आला. "इकडं ये. हे डबडं मले न विचारता स्वतःची सुधारणा करून राह्यलं!"

मी पोचलो तेव्हा अपडेट संपलं होतं आणि नेट गेलं होतं. मॉडेमचे दिवे नीट लागलेले. केबल काढून लावली. मॉडेम बंद करून चालू केला. सेटिंग तपासल्या. काही नाही. माझ्या दुकानातून पाठवावं तर बाजारात वीज नव्हती. इथे निदान इन्व्हर्टर होता. मोबाईलला त्या गल्लीत टॉवर मिळेना. लँडलाइनवरून भाऊंनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक गोड बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. "महत्त्वाचा असता तं उचलला असता!" भाऊ त्या ध्वनिमुद्रित बाईवर ओरडले. मग त्यांनी दैनिकाच्या कार्यालयात फोन केला, की मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या. तिकडून उत्तर आलं, "फोनवर घेत नाही. मेल करा."

"तिकडं माणूस बांधून ठेवला आहे आणि याहिले मेल पाहिजे!"

शेवटी मी नेटच्या कार्डाची नोंद उघडून पाहिली. अपडेटने जुना ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढून नवा टाकला होता, आणि तो या कार्डाशी जुळत नव्हता. म्हणजे सगळं जागेवर होतं, फक्त एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. मी नवा ड्रायव्हर काढून जुना परत बसवला. कॉम्प्युटर सुरू झाला, नेट आलं. पान छपाईला सुटायच्या जरा आधी बातमी गेली. भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा मला चहा पाजला.

सकाळी पेपर उघडला. बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. मथळा : मजुराला दुर्दैवी विषबाधा. सुमनबाई नव्हती. दुकानदार नव्हता, हातमोजे नव्हते. बातमीच्या खाली कीटकनाशकाची रंगीत जाहिरात.

भाऊ ओरडले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली. ते माझ्या दुकानात आले, म्हणाले, "पूर्ण बातमीच्या प्रिंट काढ. कागद संपेपर्यंत काढ." मग कार्यालयात फोन करून वार्ताहरकी सोडल्याचं सांगितलं.

तो बाजाराचा दिवस होता. कापडाच्या आणि भाजीच्या पालांमधल्या मोकळ्या जागेत उभं राहून त्यांनी ती बातमी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचली आणि प्रती वाटल्या. गर्दी जमली. औषधं कालवून देणारा तो दुकानदार धावत आला. "भाऊ, कोर्टात खेचीन!"

"खेच," भाऊ म्हणाले. "तिथं तुले शपथेवर बोला लागन."

कोणी कोर्टात गेलं नाही. साहेब आले, भाषण करून गेले. देवराव जगला, पण एका डोळ्याला अंधूकच दिसत राहिलं. पुढच्या हंगामात सुमनबाईने वस्तीतल्या बायका घेऊन त्या दुकानासमोर ठाण मांडलं. हातमोजे आणि मास्क मिळाल्याशिवाय एकही पंप हलू दिला नाही. भाऊंना कोणत्याच पेपरने पुन्हा घेतलं नाही. दुकानदारांच्या जाहिराती सगळ्यांनाच हव्या होत्या.

शेवटी ते मुलीकडे पुसदला राहायला निघाले. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. बॅग वर ठेवून दिली आणि खिडकीखालून म्हणालो, "भाऊ, तब्येतीले जपा. आता जरा शांत राहा."

ते खिडकीतून बाहेर वाकले. "तुले राग येत नाही काय बे?"

"येते ना भाऊ."

"मंग ठेवतो कुठी तो?"

गाडी सुटली. मी दुकानात आलो, खणात ठेवलेली त्या बातमीची एक प्रत काढली आणि बाहेरून दिसेल अशी काचेवर चिकटवली.