बावीस अंगठे

धरणालगतच्या पाड्यावरचे ते प्रकरण आरोपपत्रापर्यंत गेले नाही. तरीही पोलिसाच्या नोकरीतले सर्वांत स्पष्ट आठवते ते हेच.

सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. अंबरनाथची एक बाई बारवी धरणाजवळच्या पाड्यावर बायकांचे अंगठे घेत होती. लोकांनी पिशवी काढून घेऊन तिला हाकलले. जमिनीची फसवणूक असावी, असा त्याचा संशय. ठाणे अंमलदार डायरीत नोंद करत असतानाच ती बाई स्वतः दारात उभी राहिली. तिची तक्रार पिशवी हिसकावल्याची होती.

ती अंबरनाथच्याच बुवापाड्यात राहणारी, पीएच.डी. करणारी. विषय, पाणी वाहणाऱ्या बायकांचे पाठीचे आणि सांध्यांचे आजार. दोन वर्षे तिने तोंडी संमतीवर मुलाखती घेतल्या. आता विद्यापीठाने लेखी संमती मागितली होती. पिशवीत बावीस संमतीपत्रे होती. त्यांच्याशिवाय महिनाअखेर प्रबंध स्वीकारला जाणार नव्हता.

"डॉक्टर व्हायला अंगठे लागतात होय?" हवालदार म्हणाला. "आम्हाला वाटलं, सुया लागतात."

ती हसली नाही. मी अंगठा दिलेल्या बायकांची नावे विचारली.

"नाही सांगणार, साहेब. नाव कुणाला कळू देणार नाही, असं त्याच कागदावर लिहून दिलंय."

"मग संशय तुमच्यावर राहील."

"राहू दे."

तासभर विचारूनही उत्तर बदलले नाही. फसवणारा माणूस एवढ्या वेळात दोन नावे तरी पुढे करतो. माझा संशय तिथेच ओसरला.

दुपारी तिला घेऊन पाड्यावर गेलो. पिशवी म्हणे कुणीच पाहिलेली नव्हती. अखेर एक म्हातारी ओट्यावरून बोलली, "दोन वर्सं नुसती बोलत होती. मंग आता आंगठा कशाला? नि कागद घेऊन चालली. आमच्या हातात काय ठेवलंन? धरणाच्या वक्ताला असाच आंगठा दिलेला."

"मॅडम, यांना प्रत दिली नाहीत?" मी विचारले.

"प्रती होत्या. पण यांना वाचता येत नाही, म्हणून…" तिने म्हातारीकडे पाहिले. मग म्हणाली, "गुन्हा नको, साहेब. मी प्रत्येकीला वाचून दाखवते. पटलं नाही तर फाडू देत."

म्हातारीने भाताच्या कणगीतून पिशवी काढली. मी जीपपाशी थांबलो. नावे माझ्या कानावर पडू नयेत, ही मॅडमची अट होती. घरोघर बसून तिने कागद वाचला. एकवीस जणींनी एक प्रत ठेवून घेतली, दुसरी तिला दिली. म्हातारीने मात्र सर्वांदेखत दोन्ही कागद कमरेला खोचले.

"माझा नको."

"बरं, आजी. तुमचं बोलणं वापरणार नाही."

"नको वापरू. चहा पिऊन जा."

म्हातारीची मुलाखत प्रबंधातली सर्वांत मोठी होती, हे मला परतताना गाडीत कळले. ती पाने तिने वगळली.

जप्तीच्या पंचनाम्याची प्रत द्यायची, हा नियम मला पहिल्या दिवसापासून पाठ होता. त्या दिवसानंतर ती खरोखर देऊ लागलो, वाचूनही दाखवू लागलो. त्याआधी किती जणांना "तुला काय कळणार" म्हणत अंगठा घेऊन रिकाम्या हाताने पाठवले, याची नोंद मात्र कोणत्याही डायरीत नाही.