गोपीनाथरावांच्या तीन पायऱ्या

मी हात वर केला तो चहासाठी. एवढं एकदा स्वच्छ सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत आजही यावर दोन मतं आहेत.

बनारसला बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत मोहल्ला समितीची बैठक चालली होती. एका घराचं एक मत, असा तिथला रिवाज. मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो ते श्रीरामकाका आजारी होते, प्रभावतीकाकू त्यांच्या उशाशी बसलेल्या, म्हणून घरातर्फे मला पाठवलं. कशालाही हो म्हणू नकोस, नुसता बसून ये, असं बजावून पाठवलं. मी दिग्रसच्या शाळेत शिकलेला आणि परीक्षा देऊन सरकारी बँकेत चिकटलेला माणूस. नुसतं बसणं मला जमायला हवं होतं. पण लोंबणाऱ्या तारा, गल्लीतून हॉर्न दाबत जाणाऱ्या मोटरसायकली, भिंतीला अंग घासणारे सांड, एवढे विषय होईतो माझा घसा कोरडा पडला आणि नेमका चहावाला मातीची कुल्हडं घेऊन दारात आला. मी त्याला खूण केली.

त्याच क्षणी अध्यक्ष काशीनाथजी विचारत होते, की कोपऱ्यावरच्या गोपीनाथरावांना त्यांच्या गेस्ट हाउससाठी गल्लीत पायऱ्या काढू द्यायच्या का. त्यांनी हात मोजले. बरोबरीत अडकलेला मामला माझ्या हाताने सुटला. मी उठून सांगितलं, की मी चहा मागत होतो. काशीनाथजी म्हणाले, "बेटा, चाय भी मिलेगी." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मी काकूंना खरं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या ताटात आमटी वाढली. भात वाढला नाही.

काकूंची ही रीत होती. त्या भांडत नसत. जन्म याच गल्लीतला, लग्नही याच गल्लीत. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक पानाची टपरी. नोकरी रेल्वेत, चौकशीच्या खिडकीत. गाडी कितीही लेट असो, रद्द झाल्याचं कळेपर्यंत फलाट सोडू नका, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं, आणि निवृत्त झाल्यावर स्वतः पाळलं. एका भांडेवाल्याने कधीकाळी त्यांना कुकरची खराब रिंग विकली होती. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर बाजारात गेल्या की त्याच्या दुकानासमोर थांबायच्या, त्याच्याकडून पातेली, झाकण्या, पळ्या खाली काढवायच्या, प्रत्येकाचा भाव विचारायच्या आणि शेजारच्या दुकानातून विकत घ्यायच्या. त्या भांडेवाल्याचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. काकू येताना दिसल्या की तो शिडी लपवतो.

तर गोपीनाथरावांच्या पायऱ्या झाल्या. तीन, गुळगुळीत दगडाच्या, बाजूला चकचकीत स्टीलचा कठडा. आमची गल्ली बरोबर त्या कोपऱ्यावर कोपरासारखी वाकते. आधीच दोन माणसं समोरासमोर आली की एकाने श्वास रोखायचा, अशी रुंदी. आता तिथे सांडसुद्धा येऊन जरा विचार करायला लागला. पण गच्चीवर कॅफे निघाला, रंगीत छत्र्या लागल्या, गोपीनाथराव समितीला दिव्यांसाठी वर्गणी देऊ लागले, आणि सगळ्यांना पायऱ्यांची सवय झाली.

त्यानंतरच्या श्रावणात श्रीरामकाका गेले. गंगा चढलेली होती. घाट बुडून पाणी गल्लीच्या खालच्या तोंडात शिरलेलं, त्यामुळे बाहेर पडायचा रस्ता एकच, कोपऱ्यावरून. काका अंगाने उंच. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जन्म गेला, आणि बनारसच्या प्रत्येक दारात वाकून वाकून पाठीला पोक आलेलं. तिरडीवर मात्र माणूस सरळ होतो. आम्ही खांदेकरी कोपऱ्यावर पोचलो आणि तिरडी वळेना. पुढे घेतली, मागे घेतली. बांबू एकदा भिंतीला लागे, एकदा कठड्याला. गोपीनाथराव सगळ्यात वरच्या पायरीवर हात जोडून उभे होते. कोणीतरी म्हणालं, उभी करा थोडी. आम्ही केली. दोरी सैल झाली, काका खाली सरकले, आणि कापडातून त्यांचा हात बाहेर येऊन कठड्यावर आपटला. टण्ण असा आवाज झाला. मागे वळून पाहिलं तर काकू आल्या होत्या. बायकांनी मागे थांबायचं, असं सांगूनही आल्या होत्या.

तेरावा झाल्यावर त्या मला घेऊन गोपीनाथरावांकडे गेल्या. दोघांनी लहानपणी एकाच गल्लीत पतंग उडवलेले. काकूंनी नीट शब्दांत सांगितलं, की आमचं जे झालं ते झालं, पण पुराच्या दिवसांत इथून पेशंटचं स्ट्रेचरही निघणार नाही, पायऱ्या काढून आत घे. गोपीनाथरावांनी लस्सी मागवली. फार मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, मत तुमच्याच घराचं होतं."

लस्सी तशीच राहिली. माझीही. मला ती प्यायची होती, पण काकू उठल्या.

पुढे अर्ज झाले. जिथे जिथे अर्ज गेला तिथून एकच उत्तर आलं, की मोहल्ला समितीची हरकत नाही. समितीपुढे गेलो तर काशीनाथजी म्हणाले, की बनलेलं तोडायला लावणं बरं दिसत नाही, पुढच्यांसाठी नियम करू. नियमही केला नाही. त्या दिवशी जिन्यात काकू मला म्हणाल्या, "माझं मत तू फुकट घालवलंस. आता माझं एक काम करायचं, सवाल विचारायचे नाहीत."

मी विचारलं, की पायऱ्या पाडायच्या ना?

"आपण पाडायच्या नाहीत. त्याने पाडायच्या. रेशमी सोवळं नेसून, सगळ्यांसमोर."

इथून पुढे काकूंचा चेहरा उजळत गेला. सकाळी ओव्या गुणगुणायला लागल्या. मला भीती वाटायला लागली.

आमच्या गल्लीतल्या मराठी घरांचा गणपती जुना आहे. मंडळाचा हॉल कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, आमच्या घराला लागून. मूर्ती लहान, दरवर्षी कोणीतरी डोक्यावर घेऊन यायचं. पुढच्या वर्षी भाद्रपदाच्या आधी बैठक झाली तेव्हा काकूंनी दोन गोष्टी सुचवल्या. एक, माळ्यावर पडलेली जुनी पालखी काढावी आणि गणपती तिच्यातून आणावा, जसा पूर्वी यायचा. दुसरी, यंदाचं यजमानपद गोपीनाथरावांना द्यावं. माणसाचं मन कसं मोठं असतं, असं काशीनाथजी भरल्या गळ्याने बोलले. गोपीनाथरावांचे डोळे ओले झाले. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडावर त्यांच्या फोटोचा फ्लेक्स लागला. गणपती त्यात डाव्या कोपऱ्यात होता.

पालखीचा दांडा वाळवीने खाल्लेला निघाला. नवा मी करून देते, असं काकू म्हणाल्या, आणि मला घेऊन सुताराकडे गेल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी गाठ मारलेली सुतळी काढली आणि या मापाचा कर, असं सांगितलं. परतताना मी न राहवून विचारलं, की माप कुठलं.

"काकांच्या तिरडीचा बांबू," काकू म्हणाल्या. आणि भाजीवाल्याकडे वळून पडवळाचा भाव विचारू लागल्या.

मग सगळं माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे पालखीची नियमावली कडक आहे. मूर्ती एकदा पालखीत बसली की आसनावर नेईपर्यंत ती उतरवायची नाही, पालखी टेकवायची नाही, कलती करायची नाही. केली तर दोष यजमानाला. काकूंनी हे मंडळाच्या विष्णूगुरुजींकडून आधीच पक्कं करून घेतलं होतं, आणि गोपीनाथराव दोषाला भिणारे. मांजर आडवं गेलं तर गिऱ्हाईकसुद्धा परत पाठवतील. आणि कोपरा? तो कोणाच्या डोक्यातच आला नाही. घर बांधताना गल्लीत इंच इंच मोजणारे आमचे लोक, पण देवाच्या पालखीला टेप कोण लावतं.

चतुर्थीला गंगा पुन्हा चढलेलीच होती. खालचं तोंड पाण्यात. वरच्या रस्त्याने वाजतगाजत पालखी आली. पुढे गोपीनाथराव, रेशमी सोवळं, हातात पूजेचं तबक. गच्चीवरून त्यांचे पाहुणे मोबाइल धरून बघत होते. मी पालखीच्या मागच्या दांड्याला होतो, आणि माझ्या मागे मोहन मिस्त्री. त्याच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. ते काय आहे हे मला माहीत होतं, कारण त्याला मीच बोलावून आणलं होतं.

कोपऱ्यावर पालखी अडली. पुढे, मागे. पुन्हा पुढे. पुढचे ओरडले, मागचे ओरडले, वाजंत्री एकेक करून थांबली. गोपीनाथरावांनी मान वळवून पाहिलं. त्यांना तो कोपरा, तो दांडा, आणि दांड्यामागचे मी आणि काकू, हे सगळं एका नजरेत दिसलं असावं. तरी ते म्हणाले, की जरा तिरकी करा, निघेल.

काकू पुढे झाल्या. आवाज चौकशीच्या खिडकीतला, गर्दीवरून शेवटपर्यंत जाणारा.

"माणूस तिरका केला, गोपीनाथराव. देव नाही करायचा."

ज्यांनी गेल्या वर्षीच्या श्रावणात खांदा दिला होता ते जमिनीकडे बघत होते. विष्णूगुरुजींनी घसा खाकरून नियम सांगितला, आणि मुहूर्त टळायला आला आहे हेही सांगितलं. काशीनाथजींनी दुसरा रस्ता आहे का, असं विचारलं. दुसऱ्या रस्त्यावर गंगा होती.

तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. शाडूची मूर्ती, कच्चा रंग. गोपीनाथराव तबक कोणाच्या तरी हातात देऊन पायऱ्या चढून आत धावले. मला वाटलं, पळाले. पण ते कॅफेतली एक मोठी छत्री घेऊन आले, लाल-पिवळी, अख्ख्या टेबलावर धरायची असते तशी, आणि पालखीवर धरून उभे राहिले. स्वतः भिजत होते. काकूंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी फक्त मोहनला खूण केली. मोहनने पोतं सोडून घण काढला.

"पहिला घाव यजमानाचा," काकू म्हणाल्या.

गोपीनाथरावांनी इकडेतिकडे बघितलं. दुसऱ्याने माझ्या खांद्यावरचा दांडा घेतला होता, म्हणून रिकामा मीच दिसलो; छत्री माझ्या हातात दिली. त्यांनी सोवळं खोचलं आणि घण उचलला. पहिला घाव फुकट गेला. दुसऱ्याला वरची पायरी तडकली. वर गच्चीवर कोणीतरी टाळी वाजवली, त्यांना तो पूजेचाच भाग वाटला. बाकीचं मोहनने केलं. कठडा उपटून भिंतीशी उभा केला. पालखी वळली तेव्हा दांडा भिंतीला निसटता घासून गेला, काकांच्या तिरडीच्या बांबूपेक्षा तो थोडा जरी लांब असता तरी अडली असती.

काकू मागून आल्या. पायऱ्यांच्या ढिगावरून जाताना चप्पल नीट टेकवत, हळूहळू गेल्या.

आता गोपीनाथरावांचं दार गल्लीच्या वर अधांतरी आहे. पाहुणे आले की आतून लाकडी स्टूल खाली सोडतात आणि मग वर ओढून घेतात. गल्लीत काही बांधायचं नाही, असा नियम समितीने एकमताने केला. मी तेव्हा दोन्ही हात मांडीखाली ठेवले होते. गोपीनाथराव आणि काकू समोरासमोर आले तर दोघंही थांबतात, आणि श्वास काकू रोखत नाहीत. तुमच्या मनातलं काही गेलं का, असं मी काकूंना एकदा विचारलं. म्हणाल्या, कठडा भंगारात गेला का ते बघून ये. गेला होता.

राहिली ती छत्री. गडबडीत ती माझ्याबरोबर आमच्याकडे आली आणि जिन्याखाली उभी आहे. नीट मिटत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येते. परत देऊन येतो, असं मी दोनदा म्हणालो.

काकूंनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "देवावर धरली त्याने. त्याचं तेवढं देणं आहे आपल्यावर, मी नाही म्हणत नाही."

मग जाऊ का, मी विचारलं.

"चढशील कसा? पायऱ्या कुठायत?"

पाऊस आला की काकू जिन्याखाली जातात, त्या छत्रीला बाजूला सारतात, आणि तिच्यामागची आपली तार तुटलेली काळी छत्री घेऊन भाजीला निघतात.