मेणाचा खोका आणि जैनबखालांचं मडकं

बोट रत्नागिरीसमोर थांबली. सगळे वर किल्ल्याकडे पाहत होते आणि मी छातीशी धरलेला पुठ्ठ्याचा खोका सांभाळत होतो. आंबे पाठवायला लाकडी पेटीऐवजी हा खोका मी पुण्याच्या कारखान्यात तयार केला होता. रिकामे खोके परत आणायचे, लगदा करायचा, त्याचा पुन्हा पुठ्ठा. "लगदा होत नसेल तर हे खातं बंद," मालकांनी बजावलं होतं. म्हणजे माझी नोकरीही गेलीच! आंब्याच्या गावात याचा लगदा करणारं कुणी मिळतं का, ते पाहायला मी आलो होतो.

पडावात (किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत) उतरताना पाय घसरला आणि खोका धप्पकन समुद्रात! तांडेलाने (नावाड्याने) काढून दिला. पाहतो तर आत थेंबही नाही. बाहेरून मेण चढवलं होतं ना मी! माझी छाती फुगली.

मी लगद्याचं विचारताच तांडेलाने मिरकरवाड्यातल्या जैनबखालांचं (खाला म्हणजे मावशी) नाव सांगितलं. त्या रद्दीच्या लगद्याच्या टोपल्या करतात.

"समुद्रात पडला तरी भिजला नाही, खाला!" मी ऐटीत म्हणालो.

"मग लगदा कसला होतोय, बाबा? आधी भिजायला तर हवा."

माझा चेहराच पडला. त्यांनी खोक्याचे तुकडे मेथीदाण्यांबरोबर मडक्यातल्या पाण्यात टाकले. "तीन दिवसांनी ये."

खानावळीत तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं फर्मास मिळे. पण जीव त्या मडक्यात अडकलेला.

चौथ्या दिवशी खालांनी मेणाचा पापुद्रा सायीसारखा सोलून फेकला. आतलं व्हायनात (जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात) घालून कांडलं. काय सांगू! बघता बघता लोणी झालं. मग उपड्या मडक्यावर त्यांनी ते थापलं, माझ्याशी बोलत, तिकडे न पाहता. तरी जाडी सगळीकडे सारखी. आमच्या यंत्रांनाही हे साधत नाही हो!

"आतला माल चांगलाय तुझा. मेण कशाला?"

"आंब्याला ओल लागू नये म्हणून."

खाला पदर तोंडाला लावून हसल्या. "अरे, आंबा पेटीत घामेजतो. त्याला वारा हवा. यात कोंडलास तर मुंबईला पोचेपर्यंत सगळा नासेल!"

शरमेनं मेल्यासारखं झालं. आंब्याचा खोका करताना मी एकाही आंबेवाल्याला विचारलं नव्हतं.

टोपली वाळेपर्यंत राहिलो आणि ती घेऊनच पुण्याला परतलो. मालकांनी ती वाजवून पाहिली. "छान आहे. पण आपला खोका कुठंय?"

"हाच तो," मी म्हणालो.

खातं वाचलं. बिनमेणाचा, वाऱ्याला भोकं ठेवलेला पहिला खोका तयार झाला, तो मालकांना दाखवण्याआधी मी मिरकरवाड्याला पाठवला. आत चिठ्ठी घातली: "खाला, भिजवून बघा."